उंचावरचे शहर आणि रक्त पातळ करण्याची गोळी

इक्वेडोरची राजधानी क्विटो इथे नोकरी मिळाली आहे, सासऱ्यांना सोबत न्यायचे आहे, तर रक्त पातळ होण्याच्या गोळीचा म्हापशात ठरलेला डोस तिथे तसाच चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. मी मूळची फोंड्याची, आता क्विटोची. व्हिसाचे नियम तुम्हाला अधिकृत पानावर मिळतील, म्हणून थेट गोळीवर येते.

हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,८५० मीटर उंच आहे आणि हवेचा दाब किनाऱ्याच्या ७० टक्क्यांच्या आसपास भरतो. प्राणवायू कमी पडल्याने श्वास वाढतो, कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्ताची अल्कता वाढते आणि ती सावरायला मूत्रपिंडे बायकार्बोनेट हा अल्कधर्मी घटक लघवीतून बाहेर टाकू लागतात. आरंभी रक्तातला द्रवाचा अंश घटतो, पुढे काही आठवड्यांत तांबड्या पेशी वाढतात. औषध मोडण्याचे यकृताचे काम कोणत्या औषधाबाबत मंदावेल आणि कोणत्या बाबतीत नाही, याला एकच नियम नाही.

वॉरफरिन ही रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा, उंचीवर गेल्यावर खाली आल्याची, म्हणजे गुठळी होण्याचा धोका वाढल्याची नोंद आहे. उलट, रोजच्या ताटातली तांबडी भाजी (लाल माठ) सुटली की रक्त गोठायला मदत करणारे के जीवनसत्त्व कमी होऊन आयएनआर वर जाऊ शकतो. त्यामुळे अंदाज निरुपयोगी. रक्त तपासूनच कळते. झोपेची गोळी चालू असेल तर अधिक जपा, कारण इथे झोपेत श्वास आधीच अडखळतो.

चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्या. माझ्याकडच्या चिठ्ठीत फक्त 'एसिट्रॉम' हे रक्त पातळ करण्याच्या गोळीचे भारतातले कंपनीचे नाव होते. ते इथल्या दुकानदाराला कळेना, आणि मूळ नाव घालून आणलेल्या नव्या चिठ्ठीचे अधिकृत भाषांतर पुन्हा पैसे मोजून करावे लागले.

ती चिठ्ठी बाबांची होती. ते फोंड्यात एकटे असतात. दर चवथीला त्यांना इकडे आणण्याचा विषय निघतो आणि मी आयएनआरचे कारण पुढे करते. कारण खरे आहे, पण तेवढेच कारण आहे का, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

तुम्ही मात्र सासऱ्यांचे हृदय आणि फुप्फुसे निघण्यापूर्वी तपासून घ्या, पोहोचल्यावर आठवड्याच्या आत आयएनआर करा, नंतरही काही आठवडे वरचेवर करत राहा, आणि डोस इथल्या डॉक्टरांनाच बदलू द्या, घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला नव्हे.