घरची जपमाळ आणि उपवासाचं ताट

प्रश्न : आम्ही कॅथलिक; संध्याकाळी आमच्याकडे जपमाळ (रोझरी) होते. मुलं जांभया देतात, माझंही लक्ष गॅसवरच्या भाताकडे. अशा प्रार्थनेने कृपा मिळते का? एखादा दिवस चुकला तर पाप लागतं का?

उत्तर : पाप नाही. रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जाणं बंधनकारक आहे, घरची जपमाळ नाही. कृपा हे देवाचं दान. मणी मोजून ती पदरात पडत नाही आणि जांभईने आटतही नाही. भात मात्र आधी उतरवून ठेवा.

बहुतेक घरांत घोटाळा होतो तो घाईचा. ‘नमो मारिया’ या प्रार्थनेचा पहिला भाग एकजण म्हणतो, ‘पवित्र मारिया’पासून बाकीचे. पहिल्या भागाच्या शेवटी येशूचं नाव येतं, आणि नेमकं तेच पुढच्यांच्या ‘पवित्र’खाली गिळलं जातं. तिथे श्वासभर थांबा.

दुसरं, रहस्य, म्हणजे माळेच्या प्रत्येक भागात मनन करायचा येशू-मारियेच्या जीवनातला प्रसंग, नुसतं पुकारून पुढे पळू नका. सोमवारी-शनिवारी आनंदाची, मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, बुधवारी-रविवारी गौरवाची रहस्ये. गुरुवारी प्रकाशाची, जी पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली जोडली. प्रत्येक रहस्याआधी शुभवर्तमानातल्या दोन ओळी मुलाला वाचायला द्या. आनंदाच्या दुसऱ्या रहस्याला लूक १:४२ वाचताना, ‘नमो मारिया’त रोज तोंडपाठ म्हणतो ती ओळ मारियेची नातेवाईक अलिशिबा हिच्या तोंडी सापडते. मग जांभई जरा लांबणीवर पडते.

पूर्ण माळेला वीसेक मिनिटं लागतात. मुलं लहान असतील तर एकच दशक घ्या : एकदा प्रभूची प्रार्थना, दहा ‘नमो मारिया’, शेवटी पित्याचा गौरव. चार मिनिटांचं काम. मोजताना नऊ झाले की अकरा, यावरून पुन्हा सुरुवात नको. आणि शिक्षा म्हणून माळ कधीच हातात देऊ नका.

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे, मधुमेही. गुड फ्रायडेला हट्टाने उपवास करतात. मासे तरी चालतील का?

उत्तर : राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे या दोन दिवसांचा उपवास १८ ते ५९ वयाच्या लोकांना लागू आहे. वडील त्यातून केव्हाच सुटले. आजाऱ्याला तर कोणत्याही वयात सूट असते. या उपवासात एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडंसं खाणं चालतं. ती दोन मिळून एका जेवणाएवढी होऊ नयेत. मांसवर्जन १४ वर्षांपासून पुढे सगळ्यांना, पण त्यात मासे येत नाहीत. (म्हणून भरलेल्या पापलेटवर ताव मारायचा, ही आपली पळवाट!)

गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण टाळलं तर साखर एकदम उतरू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू देऊ नका. काही सोडायचंच असेल तर त्यांनी त्या दिवशीचा टीव्ही सोडावा, किंवा नेहमीच्या मासळीचे पैसे गरजूला द्यावेत.