‘ॲस्ट्यूट’ आणि तांदळाची निवड

सिंगापुरात चिनीभाषक मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. गणितात पैकीच्या पैकी मार्क मिळवणाऱ्या वर्गमित्राला एका मुलाने निबंधात ‘ॲस्ट्यूट’ म्हटलं. कोशात त्याला ‘चिंगमिंग’ हा चिनी प्रतिशब्द सापडला होता. मग वाक्य खटकतं का?

खटकायलाच हवं. ‘ॲस्ट्यूट’ म्हणजे नुसता हुशार नव्हे, हे आपल्याकडच्या लोकांनाही किती वेळा सांगायचं! पाढे घडाघडा म्हणणारा मुलगा हुशार. समोरच्याच्या मनात काय आहे ते त्याच्या दोन वाक्यांत ओळखतो तो चाणाक्ष, आणि ॲस्ट्यूट तोच.

हा शब्द ग्रीक ‘आस्तू’ म्हणजे शहर यावरून आला, असं काहीजण अजूनही सांगतात. शहरी माणूस तेवढा शहाणा, हा जुन्या रोमन कोशकारांचा समज! लॅटिनमध्ये ‘आस्तुस’ म्हणजे कावा, हा शब्द घरातच असताना ग्रीसची वारी कशाला?

खरा आनंद चिंगमिंगमध्ये आहे. ‘मिंग’ म्हणजे उजळ, स्पष्ट. ते राहू द्या. ‘चिंग’चं अक्षर पाहा: डावीकडे तांदळाची खूण, उजवीकडचा भाग उच्चारासाठी. या अक्षराचा मूळ अर्थ ‘सत्त्व’ असं सांगून त्यावर अध्यात्म रचणारे मला मुळीच पटत नाहीत. सत्त्व मागाहून आलं, आधी तांदूळ. शू शेन या चिनी कोशकारांनी इ.स. १०० मध्ये पूर्ण केलेल्या कोशात या अक्षराचा अर्थ एका शब्दात दिलाय: निवडणं. भात कितीही सडीक असला तरी कन्फ्यूशियसना चालत असे, असं ‘लुन यू’ या त्यांच्या वचनांच्या संग्रहात म्हटलंय, तिथेही हेच अक्षर.

आता आपला ‘विवेक’ घ्या. संस्कृत ‘विच्’ म्हणजे वेगळं करणं, धान्य पाखडून वेगळं करणंसुद्धा. इंग्रजी ‘डिसर्न’च्या पोटातलं लॅटिन ‘केर्नेरे’ म्हणजे चाळणं. माझं तर ठाम मत आहे की पारख ही कल्पनाच माणसाला धान्य निवडताना सुचली. आजी सूप जरा तिरकं धरून तांदूळ घोळायची. पांढरा खडा रंगाने तांदळासारखाच, तरी तिचं बोट नेमकं त्याच्यावर जायचं. ॲस्ट्यूट म्हणतात ते याला!

तर ताई, चिंगमिंग बहुधा माणसाबद्दल बोलतात आणि त्यात कधीकधी स्वतःचा फायदा बघण्याची छटा असते. तिथे इंग्रजी ‘श्रूड’ जास्त जवळचा. तो तर मध्ययुगात ‘दुष्ट’ या अर्थाने वापरत. ॲस्ट्यूट माणसाला लागतो तसा निर्णयाला आणि निरीक्षणालाही लागतो. निरीक्षणासाठी चिनीत ‘मिनर्वेइ’ म्हणजे तीक्ष्ण, हा शब्द शोभेल. मार्कांसाठी मुलाला ‘ब्राइट’ लिहायला सांगा. तोच मित्र पेपर हातात पडताच कोणतं गणित आधी सोडवायचं आणि कोणतं सोडून द्यायचं हे अचूक ताडत असेल, तर ‘ॲस्ट्यूट’ राहू द्या.