टुंड्रावर जायचंय? आधी सड्यावर चौकट मांड

प्रश्न : मी रत्नागिरीत बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मुख्य विषय वनस्पतिशास्त्र, पहिली दोन वर्षं जोडीला भूगोल होता. फिनलंड-नॉर्वेच्या उत्तरेला भूविविधता, जैवविविधता आणि परिसंस्था यांचा एकत्र अभ्यास करणारे गट आहेत, असं वाचलं. मला तेच करायचं आहे. एमएस्सी वनस्पतिशास्त्रात करू की भूगर्भशास्त्रात? एक एजंट म्हणतो, थेट फिनलंडला मास्टर्सला जा. बाबा विचारतात, एवढा खर्च करून पुढे नोकरी काय?
– मृण्मयी, रत्नागिरी

प्रिय मृण्मयी,

तिन्ही प्रश्नांत बाबांचा प्रश्न सगळ्यांत नेमका आहे. पण त्याचं उत्तर या कामाचं स्वरूप कळल्याशिवाय पटणार नाही, म्हणून आधी ते.

फिनलंडच्या वायव्य टोकाला, ६९ अंश उत्तरेला किल्पिसयार्वी नावाचं गाव आहे. हेलसिंकी विद्यापीठाचं जीवशास्त्रीय संशोधन केंद्र तिथे आहे आणि शेजारी १,०२९ मीटर उंचीचा साना डोंगर. डोंगराच्या उतारावर डोलोमाइटचा, म्हणजे चुनखडीसारख्या खडकाचा पट्टा आहे. ड्रायस ऑक्टोपेटालासारख्या चुना मानवणाऱ्या वनस्पती त्या पट्ट्याच्या आसऱ्याने राहतात; आम्लधर्मी खडकावर गेलं की त्या दिसेनाशा होतात. खडक एकच असला तरी गोष्ट तिथे संपत नाही. वाऱ्याने बर्फ उडवून नेलेला उंचवटा आणि त्यापासून चार पावलांवरचा, उन्हाळ्यातही बर्फ धरून बसलेला खळगा, यांत वेगवेगळा झाडोरा असतो. उंचवट्यावर क्रोबेरीची झुडपं, खळग्यात जेमतेम काही सेंटिमीटर उंचीचा सॅलिक्स हर्बेशिया. हवामान केंद्राच्या लेखी मात्र दोन्ही जागांचं तापमान एकच!

खडक, माती, भूरूपं आणि पाणी यांचं एखाद्या जागेतलं वैविध्य म्हणजे भूविविधता. ती मोजायची, तिथल्या जीवांची मोजणी तिच्याशेजारी ठेवायची आणि एकीवरून दुसरीचा अंदाज किती बांधता येतो ते तपासायचं, हा या कामाचा गाभा. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठाचा भूगोल विभाग यासाठी ओळखला जातो. यामागचा विचार असा, की हवामान बदललं की जाती सरकतात, पण खडक आणि टेकड्या जागेवर राहतात. म्हणून जिथे जमिनीचे प्रकार जास्त, तिथे जीवांना आसरेही जास्त. विचार उपयोगी आहे, पण डोळे मिटून घेऊ नकोस. उत्तरेच्या दलदलींत पाल्सा नावाचे पीटचे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराचे उंचवटे असतात. त्यांच्या पोटात बारमाही गोठलेला गाभा असतो. तो वितळला की उंचवटा खचतो आणि जागी डबकं उरतं. तिथे भूरूप आणि त्यावरचे जीव एकदमच जातात. अर्ज करताना हा अपवाद ठाऊक असलेला उमेदवार वेगळा कळतो.

आता प्रत्यक्ष काम. किल्पिसयार्वीसारख्या ठिकाणी क्षेत्रकाम साधारण जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत. त्यापूर्वी जमीन बर्फाखाली असते. या दहा आठवड्यांत वर्षाची माहिती गोळा करायची. उरलेलं वर्ष संगणकासमोर, आणि तिथले हिवाळे अंधारे असतात. बर्फातले फोटो पाहून या क्षेत्राच्या प्रेमात पडणाऱ्यांना हे प्रमाण कोणी सांगत नाही.

चुका होतात त्या ठरावीक जागी होतात. हातातल्या साध्या जीपीएसची चूक ३ ते ५ मीटर असते. चौकट, म्हणजे वनस्पती मोजायला आखलेला चौरस, १ मीटरची असेल तर नोंद उंचवट्याची आणि नकाशावरचा ठिपका खळग्यात, असं सहज होतं. म्हणून सेंटिमीटरपर्यंत अचूक असणारं आरटीके जीपीएस वापरतात. तापमान आणि ओलावा नोंदवणारे टॉम्स्ट कंपनीचे लॉगर जमिनीत रोवतात. ते दर १५ मिनिटांनी मातीतलं, जमिनीलगतचं आणि १५ सेंटिमीटरवरचं तापमान टिपतात. रोवताना माती आणि लॉगरची पट्टी यांत फट राहिली तर ओलाव्याचा आकडा खोटा येतो. हिवाळ्यात गोठणारी माती लॉगर वर ढकलते, रेनडिअर त्याला लाथाडतात. वसंतात जाऊन खोली पुन्हा तपासली नाही, तर आख्ख्या वर्षाची नोंद चुकीच्या खोलीची ठरते. भूविविधता मोजतानाही सापळा आहे. १:२,००,००० प्रमाणाच्या नकाशावर एका चौकोनात दोन खडक दिसतात, तर १:२०,००० वर पाच. दोन वेगळ्या प्रमाणांचे नकाशे एकत्र केले, तर तू जमीन नाही, नकाशाची बारकाई मोजलीस.

मग तू काय करावंस? तुझ्या दाराशी कातळसडा, म्हणजे जांभ्या खडकाचं पठार आहे. जांभ्यावर बोटभर माती, कुठे उघडा खडक, कुठे पावसाळाभर पाणी धरणारा खड्डा. आणि त्याप्रमाणे गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू या वनस्पतींच्या जागा ठरलेल्या. साना डोंगरावर जो प्रश्न विचारतात तोच इथे विचारता येतो, विमानाचं तिकीट न काढता. (कातळशिल्पं पाहायला येणाऱ्यांतले किती जण शेजारच्या डबक्यात वाकून पाहतात, हा भाग वेगळा.)

एकच सडा निवड. सडे बहुतेक खासगी मालकीचे असतात, त्यामुळे आधी मालकाची परवानगी. वनखात्याची जमीन असेल तर लेखी अर्ज. पाच प्रकारच्या जागा ठरव : उघडा कातळ, उथळ मातीची जागा, खोल मातीची जागा, पाणी साचणारा खड्डा, मोठ्या दगडाचा आडोसा. प्रत्येकी ६, म्हणजे १ मीटर बाय १ मीटरचे ३० क्वाड्रॅट, म्हणजेच चौकटी. जागा ‘फुलं छान दिसतात’ म्हणून निवडायच्या नाहीत. प्रत्येक प्रकाराच्या संभाव्य जागांना क्रमांक देऊन चिठ्ठ्या काढ. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर ऑइलपेंटचा छोटा ठिपका दे, पण कातळशिल्पाच्या आसपास रंग अजिबात नको. फोनच्या जीपीएसवर विसंबू नकोस, ठळक खुणेपासून टेपने अंतर आणि होकायंत्राने दिशा मोज.

प्रत्येक चौकटीत बारीक सळईने पाच ठिकाणी मातीची खोली, पट्टीने पाण्याची खोली, साचलेल्या पाण्याचा सामू, फोनवरच्या क्लायनोमीटरने उतार, आणि प्रत्येक जातीने व्यापलेलं क्षेत्र टक्क्यांत. वरून, दर वेळी एकाच उंचीवरून फोटो. एका चौकटीला २५ मिनिटं धर, म्हणजे ३० चौकटींना साडेबारा तास. एका फेरीला दोन दिवस लागणार. जून ते ऑक्टोबर दर पंधरवड्याला फेरी. टक्केवारीचा अंदाज माणसागणिक बदलतो, म्हणून तो सगळ्या फेऱ्यांत एकाच व्यक्तीने करावा.

नोंदी एक्सेलमध्ये : एका ओळीत एक नोंद, सेल जोडायचे नाहीत, ‘जात नव्हती’ यासाठी शून्य आणि ‘पाहिलंच नाही’ यासाठी रिकामं. या दोन्हींची गल्लत झाली की पुढे दुरुस्ती नाही. विश्लेषण ‘आर’ या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये, नकाशे क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन्ही फुकट. ३० चौकटींवर मातीची खोली, पाणी आणि उतार असे तीन घटक तपासता येतील, दहा नाही. आणि एकाच चौकटीच्या दहा फेऱ्या म्हणजे दहा स्वतंत्र चौकटी नव्हेत. त्यांना मिक्स्ड मॉडेल, म्हणजे एकाच जागेच्या पुन्हापुन्हा घेतलेल्या नोंदी हिशेबात धरणारी सांख्यिकी पद्धत लागते. ही चूक एमएस्सीच्या प्रबंधांतही भरपूर दिसते.

एमएस्सीबद्दल माझं मत स्पष्ट आहे : वनस्पतिशास्त्र किंवा परिसंस्थाशास्त्र. रिमोट सेन्सिंग (उपग्रह चित्रांवरून अभ्यास) आणि जीआयएस (संगणकावरचे नकाशे व त्यांचं विश्लेषण) ऑनलाइन शिकता येतं. डेहराडूनच्या आयआयआरएस या रिमोट सेन्सिंगच्या राष्ट्रीय संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम विनाशुल्क आहेत, त्यांपासून सुरुवात कर. पण फूल नसलेली वनस्पती ओळखण्याची नजर ऑनलाइन येत नाही, तिला वर्षं लागतात. त्यातही शेवाळी आणि दगडफुलं म्हणजे लायकेन शिकलीस तर मागणी वेगळीच. टुंड्रात जमिनीचा मोठा भाग त्यांनीच व्यापलेला असतो, आणि ती ओळखणारे कमी. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल त्याच कुळकथेतलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत लायकेनवर काम झालेलं आहे; तिथे उन्हाळी प्रकल्पासाठी विचारून पाहा. भूगर्भशास्त्र पूर्ण पदवीभर नको, पण भूरूपशास्त्र आणि मृदाशास्त्र हे ऐच्छिक विषय मिळतील असंच विद्यापीठ निवड. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेचा वन्यजीवशास्त्राचा एमएस्सी एक वर्षाआड प्रवेश घेतो, त्यामुळे वर्ष तपासून घे. गेटमध्ये ‘परिसंस्था व उत्क्रांती’ हा स्वतंत्र पेपर आहे, तोही दे.

एजंटचा सल्ला मात्र बाजूला ठेव. फिनलंडमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी मास्टर्ससाठी २०१७ पासून शुल्क आहे. ते वर्षाला १२ हजार युरो धरलं आणि निवास परवान्यासाठी दाखवायचे महिना ८०० युरो धरले, तर दोन वर्षांचे ४३ हजार युरोच्या पुढे जातात. रुपयांत चाळीस लाखांच्या आसपास. या क्षेत्रातल्या सुरुवातीच्या पगारावर ते कर्ज फेडणं अवघड आहे. मास्टर्स परदेशात करायचंच असेल तर युरोपीय संघाच्या इरास्मुस मुंडुस शिष्यवृत्तीसाठी अर्ज कर : शुल्क नाही आणि महिना १,४०० युरो. अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारी, आणि तो तुझा तू करायचा असतो. तिथे एजंटचं काहीच काम नाही.

माझ्या मते तुझा दरवाजा पीएचडीचा. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये पीएचडी ही पगारी नोकरी असते. नॉर्वेत तीन वर्षं, किंवा २५ टक्के अध्यापनासह चार. जाहिराती जॉबनोर्गे या संकेतस्थळावर येतात आणि मास्टर्सची पदवी लागते. फिनलंडमध्ये पीएचडीला शुल्क नाही, पण एक फसगत होते : ‘प्रवेश मिळाला’ आणि ‘पगारी जागा मिळाली’ या तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवेशपत्रात निधीचा उल्लेख नसेल तर खर्च तुझ्या खिशातून. प्राध्यापकांना लिहायचं ते दीडशे-दोनशे शब्दांत : त्यांच्या कामातला एक नेमका मुद्दा, सड्यावरच्या नोंदींतून तुला दिसलेली एक गोष्ट, आणि सोबत दोन पानांचा आलेखासह सारांश. ‘मला निसर्गाची लहानपणापासून आवड आहे’ या वाक्याने सुरू होणारी पत्रं त्यांच्याकडे ढिगाने येतात. आणखी दोन गोष्टी आत्ताच कर : गिअरची गाडी चालवण्याचा परवाना आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण. उत्तरेतल्या क्षेत्रकामाच्या जाहिरातींत परवाना अनेकदा मागतात, कारण तिथे बस नसते.

भारतातूनही वाट आहे. ध्रुवीय संशोधनाची आपली राष्ट्रीय संस्था एनसीपीओआर तुझ्यापासून फार लांब नाही, गोव्यात वास्कोला आहे. आणि पत्ताही हेडलँड सडा! तिचं ‘हिमाद्री’ हे केंद्र स्वालबार्ड या नॉर्वेच्या आर्क्टिक द्वीपसमूहात न्यू-ओलेसुंदला, जवळपास ७९ अंश उत्तरेला, २००८ पासून चालू आहे. पण तिथे विद्यार्थी म्हणून थेट जाता येत नाही. संस्था प्रस्ताव मागवते, विद्यापीठातले संशोधक ते पाठवतात, आणि मंजूर प्रकल्पातला संशोधन साहाय्यक मोहिमेवर जातो. म्हणजे तुला असा प्रकल्प असलेला मार्गदर्शक शोधायचा आहे. भारतीय कामाचा भर हिमनद्या, वातावरण, फ्योर्डचं (समुद्राच्या चिंचोळ्या खाडीचं) पाणी आणि सूक्ष्मजीव यांवर जास्त आहे. जमिनीवरच्या वनस्पतींवर कमी, म्हणून प्रस्तावात नावीन्य दाखवायला जागा आहे. नेट-जेआरएफ शिष्यवृत्ती मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये आणि मार्गदर्शक निवडण्याची मोकळीक. व्हिसाचा एक बारकावा : स्वालबार्डला स्वतःला व्हिसा लागत नाही, पण वाट नॉर्वेतून जाते आणि स्वालबार्ड शेंगेनबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या क्षेत्राबाहेर आहे. परतताना पुन्हा शेंगेनमध्ये शिरायचं असतं, त्यामुळे दुहेरी प्रवेशाचा व्हिसा घ्यावा लागतो.

उत्तर म्हणजे निर्मनुष्य, असं समजून जाऊ नकोस. ती सामी या मूळनिवासी लोकांची भूमी आहे आणि कुरणं रेनडिअर पाळणाऱ्यांच्या वापरातली आहेत. फिनलंडमध्ये रानात फिरायला कुणालाही मुभा आहे, पण संरक्षित क्षेत्रात नमुने घ्यायला परवाना लागतो. भारतातून जैविक नमुने संशोधनासाठी बाहेर पाठवण्यालाही जैवविविधता कायद्याचे नियम लागू आहेत. ‘एक पान पाकिटात टाकलं’ हेही चालत नाही.

आता बाबांना. पीएचडीनंतर एक ते तीन वर्षांच्या करारावरच्या पोस्टडॉक जागा मिळतात. कायम प्राध्यापकी थोड्यांनाच मिळते, हे लपवण्यात अर्थ नाही. पण वनस्पती ओळखता येणं, जीआयएस आणि सांख्यिकी एका माणसात असली, की पर्यावरणीय आघात मूल्यांकन करणाऱ्या सल्लागार संस्थांत काम असतं. अशा सल्लागार संस्थांना मान्यता देणाऱ्या नॅबेटच्या पद्धतीत ‘परिसंस्था व जैवविविधता’ हा तज्ज्ञाचा स्वतंत्र विभागच आहे. उपग्रह चित्रांवर काम करणाऱ्या कंपन्याही हेच मिश्रण शोधतात. त्यामुळे चाळीस लाखांचं कर्ज न काढता गेलात तर धोका आवाक्यातला आहे.

चौकटी या वर्षी पाऊस धरायच्या आत मांड. कातळ कोरडा असतानाच रंग बसतो, आणि खड्डे रिकामे असतानाच त्यांची खरी खोली मोजता येते. शेवटची फेरी ऑक्टोबर संपायच्या आत उरक. त्यानंतर सडा वाळतो आणि वाळलेली गेंद नेमकी कुठली, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही.