कर्ज फिटलं, हप्ता सुटेना

प्रश्न : ताई, नमस्कार. फ्लॅटचं कर्ज दोन वर्षांपूर्वी फिटलं. कर्ज देतानाच बँकेने घराचा विमा गळ्यात मारला होता. तो दर वर्षी आपोआप रिन्यू होतो, हे मी विसरूनच गेले होते. 1 ऑगस्टला खात्यातून 4,130 रुपये कापले गेले. नातवाच्या बारशाच्या गडबडीत तो मेसेजही उशिराच पाहिला. सोसायटीने इमारतीचा विमा काढलेलाच आहे. शाखेत गेले, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “आता रद्द केलीत तर चार्जेस कापून जेमतेम पाव रक्कम मिळेल. त्यापेक्षा राहू द्या वर्षभर.” खरं आहे का हे?
– एक वाचक, चिंचवड (10 सप्टेंबर)

उत्तर : नाही. मुलगा खोटं बोलला असं मी म्हणणार नाही, त्याला कुणीतरी जुनं पढवलं असावं. मी विमा कंपनीच्या शाखेत होते तेव्हा माझ्या टेबलाच्या काचेखाली ‘शॉर्ट पीरियड’चा तक्ता असायचा. पॉलिसी मध्येच बंद करायला कुणी आलं की त्यावर बोट ठेवायचं. सहा महिने झाले असले तर सत्तर टक्के हप्ता कंपनीचा! समोरचा माणूस वाकून तो तक्ता उलटा वाचायचा प्रयत्न करायचा. त्याच्याकडे फिरवून धरावा, हे मला कधी सुचलं नाही.

तो हिशेब आता संपला. आयआरडीएआय म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी नियामक संस्था. तिच्या जून 2024च्या परिपत्रकानुसार तुमच्यासारख्या ग्राहकाला पॉलिसी केव्हाही रद्द करता येते, कारणही द्यावं लागत नाही. एक वर्षाची पॉलिसी असेल आणि त्यात क्लेम घेतला नसेल, तर उरलेल्या दिवसांचा हप्ता त्या प्रमाणात परत मिळतो.

तुमच्या 4,130मध्ये हप्ता 3,500 आणि 18 टक्के जीएसटी 630. पत्र लिहिल्याच्या दुसऱ्या दिवशी अर्ज दिला असलात, तर 41 दिवस वापरले, 324 उरले. म्हणजे हप्त्यापैकी साधारण 3,107 रुपये तुमचे. जीएसटीचाही त्याच प्रमाणात परतावा अर्जातच मागा. अर्ज विमा कंपनीला ईमेलने पाठवा, बँकेच्या काउंटरवर ठेवून येऊ नका. महिनाभरात दाद लागली नाही, तर विम्याच्या तक्रारींसाठी आयआरडीएआयचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल आहे, पुण्यात अशा तक्रारींचा निवाडा करणारे विमा लोकपाल आहेत. तिथे फी लागत नाही.

पण थांबा, रद्द करायच्या आधी सेक्रेटरींकडून सोसायटीच्या पॉलिसीची प्रत मागून घ्या. ती बहुधा इमारतीपुरती असते. तुमचा फ्रिज, कपाटं, गाद्या तिच्यात नसतात. तुमच्या पॉलिसीवर ‘भारत गृह रक्षा’ (घराच्या विम्याची ठरावीक नमुन्याची पॉलिसी) असं छापलंय का तेही बघा. असेल, तर घराच्या विमा रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त 10 लाखांचं घरसामान त्यात आपोआप येतं. ते हवं असेल तर मी पॉलिसी ठेवेन. तो निर्णय तुमचा, काउंटरवरच्या मुलाचा नव्हे.

ठेवलीत, तर पहिल्या पानावर तुमच्या नावाखाली बँकेचं नाव अजून आहे का ते पाहा. माझा अंदाज, असणारच. कर्ज फिटलं म्हणून ते आपोआप पुसलं जात नाही, आणि उद्या आग लागली तर इमारतीच्या क्लेमचे पैसे आधी बँकेकडे जायचे. कर्जफेडीचा दाखला जोडून विमा कंपनीकडून ते काढून घ्या.

रद्द केलीत, तर खात्यावरची ऑटो-डेबिटची सूचना बंद करायचा वेगळा अर्ज बँकेला द्या आणि त्याची पोच घ्या. नाहीतर पुढच्या 1 ऑगस्टला मला पुन्हा पत्र लिहाल.