सोलर येतंय म्हणून प्लॉट घेऊन ठेवू का?

प्रश्न: मी दोंडाईचाजवळचा शेतकरी. मुलगा धुळ्याला इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याला सोलरमध्येच जायचंय. एजंट म्हणतो, नरडाण्याच्या एमआयडीसीत सोलरवाले येताहेत, प्लॉट आत्ताच घेऊन ठेवा, मुलाला पुढे कारखाना टाकता येईल. कापसाचे पैसे आणि घरातलं सोनं मिळून आठ लाख होतील. काय करू?

उत्तर: आप्पा, सोनं कपाटातच राहू द्या.

सोलर वाढतंय हे खरंच आहे. पण शेतातल्या प्रकल्पाला औद्योगिक प्लॉट लागतच नाही. मेगावॅटमागे साधारण चार एकर माळरान लागतं, तेही विजेच्या उपकेंद्राच्या जवळचं. सौर कृषी वाहिनी योजनेत अशा जमिनीला हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये भाडं ठरलंय. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा प्रकल्प 2013 सालापासून आहे. असा प्रकल्प उभा राहताना खूप माणसं लागतात. एकदा चालू झाला की पॅनेल धुणारे, गवत काढणारे, वॉचमन आणि मोजके टेक्निशियन, बस्स. पॅनेलचे मोठे कारखाने म्हणाल तर ते नवापूरपलीकडे, सुरत-नवसारीकडे.

मग आपल्याकडे जागा कुणाला हवी असते? घराच्या छतावरचं सोलर आणि शेतातले सौरपंप बसवणाऱ्यांना. त्यांना गोडाऊन लागतं आणि स्ट्रक्चर कापायला-जोडायला शेड. धुळ्याजवळच्या अवधान एमआयडीसीत अशाच एकाच्या गाळ्यात मी तासभर बसलो होतो. पॅनेल उभे रचलेले, एकेक पंचवीस-तीस किलोचं. एक पोरगा चलनाशी पॅनेलचे सिरीयल नंबर ताडून बघत होता. पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये सबसिडी आहे, आणि नंबर चुकला की ग्राहकाची फाइल अडकते. मालकाने सांगितलं, "गाळा भाड्याचाच आहे. ट्रक आत वळतो ना, मग झालं." शेडची मागणी वाढतेय ती अशी, भाड्याच्या गाळ्यांची, आणि तीही हळूहळू.

आता प्लॉट. एमआयडीसीचा प्लॉट 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो. ठरलेल्या मुदतीत बांधकाम करावं लागतं. परवानगीशिवाय आणि हस्तांतरण शुल्क भरल्याशिवाय तो दुसऱ्याच्या नावे होत नाही. घेऊन ठेवायला ते काही सोन्याचं बिस्किट नाही! त्यात एजंटाचा प्लॉट एमआयडीसीच्या हद्दीतला आहे की शेजारच्या शेताचे तुकडे पाडलेत, हेही बघा. तसं असेल तर सातबारा आणि एनएची (बिगरशेतीची) कागदपत्रं पाहिल्याशिवाय रुपयाही देऊ नका.

पोराला आधी दोन वर्षं एखाद्या बसवणाऱ्याकडे नोकरी करू द्या. छताची मापं, इन्व्हर्टरची जोडणी, महावितरणकडे नेट मीटरिंगचा (ग्रिडला दिलेली वीज बिलातून वळती करणाऱ्या मीटरचा) अर्ज, ग्राहकाकडून वसुली, हे सगळं तिथेच हाताखालून जातं. यातली वसुली सर्वांत अवघड, आणि ती कुठलाच कोर्स शिकवत नाही. कोर्सच करायचा असेल तर केंद्र सरकारचा सूर्यमित्र आहे, तीन महिन्यांचा, फुकट. खासगी सर्टिफिकेटसाठी पन्नास हजार घालवू नका. पुढे स्वतःचं सुरू करावंसं वाटलं तर गाळा भाड्याने घ्या आणि तुमचे आठ लाख मालात घाला. छताची कामं करणाऱ्याचा पैसा बिलं निघेपर्यंत मालातच अडकून पडतो.

या आठवड्यात एवढंच करा: एजंटाकडे प्लॉटच्या एमआयडीसी वाटपपत्राची झेरॉक्स मागा. दिली तर मलाही पाठवा, बघून सांगतो.