उन्हाळ्यात ओव्हरक्लॉक

प्रश्न : रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर सगळ्या कोअरवर (आतल्या गणना करणाऱ्या भागांवर) ५.४ गिगाहर्ट्‌झला लावलाय. ३६० मिमीचा लिक्विड कूलर आहे. सिनेबेंच (वेग मोजणारी चाचणी) पास होतो, पण दुपारी रेंडर लावलं की पीसी रीस्टार्ट होतो. असं का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : दहा मिनिटांचा सिनेबेंच ही काही परीक्षा नव्हे. शिवाय रेडिएटर खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. २५ अंशांना जमलेलं सेटिंग मे महिन्यातल्या ४४ अंशांना कोलमडतं. या चिपची मर्यादा ९५ अंश आहे.

फिक्स्ड क्लॉक, म्हणजे हाताने लावलेला हा कायमचा वेग, काढा. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पीबीओ (वेग आपोआप वाढवणारी सोय) अ‍ॅडव्हान्स्ड, पीपीटी (प्रोसेसरच्या विजेची मर्यादा) २३०ऐवजी १४२ वॅट, कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज कमी करणारं सेटिंग) सगळ्या कोअरना उणे १०. रेंडरचा वेग थोडाच घटेल, उष्णता मात्र बरीच. मग तासभर प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी चाचणी), तोही भर दुपारी. रात्रभर कोअरसायकलर (एकेक कोअर तपासणारी चाचणी) चालवा, कारण उणे कर्व्हची चूक बहुधा एकाच कोअरवर हलका लोड असताना उघडी पडते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीया-लॉगर १८’ (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुकीची नोंद) दिसलं, तर ज्या कोअरवर चूक झाली तो उणे ५वर आणा.

आणि रेडिएटरच्या जाळीत कापसाचे तंतू अडकले आहेत का, तेही बघा. आपल्याकडे ते अडकतातच.