कनूप्रवासाची पुस्तकं वाचताना वही जवळ ठेव

प्रिय दोस्ता,

पहिल्या लांब कनूप्रवासाआधी, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या निमुळत्या होडीतून निघण्याआधी, काय वाचू, असं तू विचारलंस. नावं सांगतोच, पण आधी ही पुस्तकं वाचायची रीत सांगतो.

पुस्तक हातात आलं की दोन सालं शोध: प्रवास कधी झाला आणि पुस्तक कधी छापलं गेलं. मीना हबर्ड कॅनडाच्या ईशान्येचा लॅब्राडोर प्रदेश ओलांडून गेली १९०५ मध्ये, पुस्तक आलं १९०८ मध्ये. आर. एम. पॅटरसन कॅनडातल्याच नहानी नदीवर पोचला १९२७ मध्ये, त्याचं 'द डेंजरस रिव्हर' १९५४ चं. जॉर्ज ग्रिनेलचं 'अ डेथ ऑन द बॅरन्स' १९५५ च्या मोहिमेवरचं आहे आणि ते निघालं थेट १९९६ मध्ये. मधली वर्षं वाढतात तशी गोष्ट रंगत जाते आणि आकडे पुसट होतात. पॅटरसन जरूर वाच, प्रवाहाविरुद्ध बांबूसारख्या लांब काठीने कनू रेटत नेणं त्याच्याइतकं झकास फार कमी जणांनी लिहिलंय. पण दिवसाला किती अंतर जमेल, याचा हिशोब त्याच्यावरून मांडू नकोस.

दुसरी गोष्ट, जमेल तिथे एकाच प्रवासाची दोन पुस्तकं जोडीने वाच. लॅब्राडोर त्यासाठी सर्वात चांगलं. डिलन वॉलेसचं 'द ल्युअर ऑफ द लॅब्राडोर वाइल्ड' १९०५ मध्ये आलं. १९०३ च्या जुलैमध्ये लिओनिडस हबर्ड, वॉलेस आणि वाटाड्या जॉर्ज एल्सन हे तिघे १८ फुटी एकाच कनूतून नॉर्थ वेस्ट रिव्हर या व्यापारी ठाण्याहून निघाले. ग्रँड लेकमध्ये नास्कापी नदीचं मुख त्यांच्या नजरेतून सुटलं आणि ते सुझन नावाच्या उथळ, खडकाळ ओढ्यात शिरले. कनू ओढत, सामान वाहत दिवस गेले, शिधा संपत आला. सप्टेंबरमध्ये, गाठायचं होतं ते मिचिकामाऊ सरोवर टेकडीवरून दिसलं, पण वारा पुढे जाऊ देईना. परतीच्या वाटेवर, ऑक्टोबरमध्ये, हबर्ड तंबूत उपासमारीने मेला.

वाचक सहसा शेवटच्या पानांवर रेंगाळतात. तू सुझनच्या पानांवर थांब. मोठी नदी म्हणून जिच्यात शिरलो तिच्यात कनू तरंगत नाही, हे किती दिवसांत कळलं आणि कळल्यावर काय केलं, ते वहीत उतरव. चूक नकाशाचीही होती, त्यावर ग्रँड लेकला मिळणारी एकच नदी दाखवलेली होती. पण पाणी नकाशाशी जुळत नसेल तर पुढे रेटायचं नसतं. शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे यायचं आणि मुख पुन्हा शोधायचं. दोन दिवस पुढे गेल्यावर मागे फिरायला कुणाचं मन धजत नाही, म्हणून ही मर्यादा निघण्याआधीच ठरवून ठेवायची. अर्धा दिवस ठीक.

आता दुसरं पुस्तक, मीना हबर्डचं 'अ वुमन्स वे थ्रू अननोन लॅब्राडोर'. नवऱ्याचा अपुरा प्रवास तिने पुरा केला, तोच एल्सन आणि आणखी तीन माणसं बरोबर घेऊन. १९ फुटी दोन कनू. निघाली २७ जूनला, म्हणजे पहिल्या मोहिमेपेक्षा जवळजवळ तीन आठवडे आधी. जॉर्ज नदीच्या ठाण्यावर पोचली २७ ऑगस्टला. तिने शिधा तोलून लिहिलाय: एकूण ७५० पौंड, त्यात ३९२ पौंड पीठ आणि २०० पौंड बेकन. शेवटी १५० पौंड उरले. म्हणजे ६०० पौंड, पाच माणसं, ६१ दिवस. माणशी रोज सुमारे ९०० ग्रॅम. वाटेत शिकार आणि मासे मिळाले ते वेगळे. आजच्या कोरड्या शिध्याचा अंदाज माणशी रोज ७०० ते ९०० ग्रॅमच धरतात, त्यामुळे हे आकडे जुने म्हणून सोडून देऊ नकोस.

त्याहून कामाचा आकडा दिवसांचा. ६१ पैकी प्रत्यक्ष प्रवासाचे ४३, मुक्कामाचे १८. अंतर ५७६ मैल, म्हणजे साधारण ९२५ किलोमीटर. चाललेल्या दिवशी साडेएकवीस किलोमीटर, पण सगळे दिवस धरले तर पंधराच. नवखी माणसं बेत आखतात तो साडेएकवीसवर आणि फसतात ती इथेच. वारा, पाऊस, आजारपण यांचे दिवस बेतात आधीच घाल: दहा दिवसांच्या प्रवासात तीन. आणखी एक. याच पुस्तकात लिओनिडसची रोजनिशी आणि एल्सनचं निवेदनही आहे, त्यामुळे वॉलेसची बाजू त्यांच्याशी ताडून बघता येते. जुन्या पुस्तकांत वाट दाखवणारा माणूस बहुतेक वेळा एखाद्या ओळीत उरकलेला असतो; इथे तो स्वतः बोलतो. थोरोच्या 'द मेन वुड्स'मध्ये १८५७ च्या सफरीत जोसेफ (जो) पॉलिस नावाचा, पेनोब्स्कॉट या मूळनिवासी जमातीचा वाटाड्या आहे, तोही असाच लक्ष देऊन वाच. थोरोचं चिंतन नंतर वाचलंस तरी चालेल.

ग्रिनेलचं पुस्तक मात्र प्रवासाच्या तोंडावर वाचू नकोस, दोन-तीन महिने आधी वाच. आर्थर मॉफॅटच्या नेतृत्वाखाली सहाजण तीन कनूंतून दुबाँट नदीने बेकर लेककडे निघाले होते. वेळापत्रक कोलमडलं, शिधा आटला, बर्फ पडू लागलं. १४ सप्टेंबर १९५५ ला काठावर उतरून पाहणी न करता एका खळाळात घुसले, दोन कनू उलटल्या आणि मॉफॅट गारठून मेला. त्याच मोहिमेतल्या स्किप पेसलचं 'बॅरन ग्राउंड्स' २०१४ मध्ये आलं, त्यात त्या वेळच्या रोजनिश्या आहेत. ग्रिनेलनंतर लगेच तेच घे, म्हणजे आठवण आणि नोंद यांत कुठे फरक पडतो ते दिसेल. मरण आलं त्या पाण्यात, पण त्याची सुरुवात दिरंगाईत होती: उशीर झाला की पाहणी टळते. थंड पाण्याचा हिशोब वहीच्या पहिल्या पानावर लिही. पहिलं एक मिनिट श्वास आवरायला, पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे, शुद्ध हरपायला साधारण एक तास. पण हे लाइफ जॅकेट, म्हणजे पाण्यावर तरंगत ठेवणारं जॅकेट, अंगात असेल तर. ते कनूत बांधून ठेवलेलं असेल तर पहिलं मिनिटच अवघड.

तंत्रासाठी बिल मेसनचं 'पाथ ऑफ द पॅडल', १९८० चं. हे पलंगावर लोळत वाचायचं नाही. एक पान, मग पाणी. जे-स्ट्रोकपासून, म्हणजे कनू सरळ ठेवणाऱ्या वल्ह्याच्या फटक्यापासून, सुरुवात कर: वल्हं मागे आलं की वरच्या हाताचा अंगठा खाली वळवायचा आणि पातीने पाणी बाहेरच्या बाजूला ढकलायचं. अंगठा वर वळला तरी कनू सरळ जाते, पण वेग मरतो, आणि ही खोड एकदा लागली की सुटत नाही. मग फेरी, म्हणजे प्रवाहाला थोडा कोन देऊन, खाली वाहून न जाता पलीकडच्या काठाला सरकणं. कोन जास्त झाला की प्रवाह पुढचं टोक पकडून कनू फिरवतो. सुरुवातीला वीसेक अंश पुरेत. पाण्यावरच्या 'व्ही' आकाराची खूणही इथेच शिक: टोक प्रवाहाच्या दिशेला असेल तर वाट, टोक तुझ्याकडे असेल तर खडक. मुक्काम, तंबू, चूल यांसाठी त्याचंच 'साँग ऑफ द पॅडल' आहे.

पोर्टेज, म्हणजे कनू आणि सामान पाठीवर घेऊन पायी ओलांडायचा टप्पा, पुस्तकांत एका वाक्यात संपतो. एरिक मोर्सचं 'फर ट्रेड कनू रूट्स ऑफ कॅनडा' वाचलंस की त्याचं वजन कळेल. जुने व्हॉयाजर, म्हणजे फर व्यापाराचे वल्हेकरी, ९० पौंडांचं गाठोडं वाहत, तेही एका वेळी दोन. तू ते करणार नाहीस. सामान दोन खेपांत गेलं तर एक किलोमीटरच्या पोर्टेजला तीन किलोमीटर चाल होते, तीन खेपांना पाच. नकाशावर प्रत्येक पोर्टेजशेजारी हा गुणाकार लिही. सुट्या वस्तू, हातातली किटली, पिशव्या, यांनीच तिसरी खेप वाढते.

एरिक सेव्हराइडचं 'कनूइंग विथ द क्री' हलकं आहे: १९३० मध्ये १७ आणि १९ वर्षांची दोन पोरं मिनियापोलिसहून हडसनच्या उपसागरापर्यंत, २२५० मैल. सोबत नॅटली वॉरेनचं 'हडसन बे बाउंड' घे, २०११ मध्ये दोन मुलींनी केलेल्या त्याच प्रवासाचं. दोघे जोडीदार एकमेकांना कधी वैतागतात, ती पानं विशेष बघ. जॉन मॅकफीचं 'द सर्व्हायव्हल ऑफ द बार्क कनू' होडी कशी बनते त्यासाठी. बर्च झाडाच्या सालीची पांढरी बाजू कनूच्या आत जाते, बाहेर नाही, हे बऱ्याच चित्रकारांनाही माहीत नसतं. डॉन स्टार्केलचं 'पॅडल टू द अॅमेझॉन' सध्या बाजूला ठेव. कॅनडातल्या विनिपेगहून ब्राझीलमधल्या बेलेंपर्यंतचा तो प्रवास थक्क करणारा आहे, पण समुद्रकाठच्या लाटांत उघडी कनू हे तुझ्या पहिल्या वर्षाचं काम नाही.

सुरुवात मीना हबर्डपासून कर. पुस्तक संपलं की तुझ्या प्रवासाचा तक्ता बनवून मला पाठव: दिवस, त्यातले मुक्कामाचे, शिध्याचं वजन, पोर्टेज आणि खेपा. जोडीदाराचंही मत घेऊन मगच पाठव.

तुझा,
एक जुना वल्हेकरी